राजा मी, लोक जानूचे

गेल्या आठवड्यात माझा मुलगा आणि सून कुडाळला सिनेमा बघायला गेली होती. आकाशातून उडणारा, डोळ्यांतून जाळ काढणारा, एका हाताने आगगाडी थांबवणारा असा कोणीतरी त्यात होता. दोघं परत आली ती जांभया देतच.

"कसो होतो?" मी विचारलं.

"माका तर मध्येच झोप लागली, बाबा," मुलगा म्हणाला. "तीच तीच मारामारी. थेटर अर्धा रिकामा."

सून म्हणाली, "पयले बरे होते हे पिक्चर. आता लोकांका कंटाळो कित्या इलो काय म्हायत."

मला माहीत होतं. पण मी गप्प बसलो. सांगायला गेलो असतो तर जानू मेस्त्रीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि माझ्याच घरात माझ्याच तोंडाने त्याला आणून बसवायची मला हौस नाही. जन्मभर तो माझ्या पुढे बसला. मेला तरी उठायला तयार नाही. आता डोक्यात आलाच आहे तर लिहून टाकतो, म्हणजे जाईल.

मी दशावतारातला राजपार्टी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दशावतार म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातलं नाटक. देवळासमोर एक पडदा, बसायला एक बाकडा, पेटी, पखवाज, झांज. लिहिलेलं काही नसतं. मंडळाचे मालक पडद्यामागे कथा सांगतात, पुढे ज्याने त्याने आपल्या अकलेने बोलायचं. मी तिसरी नापास. पण राजा होऊन उभा राहिलो की मास्तर लोकसुद्धा मान हलवायचे. उंची, नाक, आवाज, सगळं राजाचं. मुकुट माझ्या डोक्यावर कधी सैल झाला नाही. हे मी माझं कौतुक म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो.

आणि जानू राक्षसपार्टी. ठेंगणा, पोट पुढे, आवाज घोगरा. जत्रांचे दिवस सरले की सुतारकाम करायचा, म्हणून मेस्त्री. प्रत्येक नाटकात शेवटी तो माझ्या हातून मरायचा. जिंकणारा मी, हरणारा तो. पण नाटक ठरवायला गावची माणसं मालकांकडे आली की पहिला प्रश्न एकच.

"जानू येतलो मा?"

राजाचं कोणी विचारायचं नाही. एकदा मी तिथेच बसलो होतो. न राहवून म्हटलं, "मी पण येतलंय."

त्यावर त्या गावचा मानकरी म्हणाला, "तू येतलंसच रे आबा. राजा नाय तर जानू मरतलो कोणाच्या हातान?"

सगळे हसले. जानू सर्वांत जास्त हसला. त्या दिवसापासून माझ्या मनाने एकच धरलं: एकदा, फक्त एकदा, लोकांनी माझ्यासाठी जागं राहावं. जानूसाठी नाही. माझ्यासाठी.

जानूच्या सवयी विचित्र. आमची गाडी गावात पोचली की आम्ही सगळे देवळाच्या ओवरीत पथाऱ्या टाकायचो, कारण नाटक रात्रभर. हा मात्र पेज पिऊन गावात निघून जायचा. कोणाच्या अंगणात बस, कोणाच्या शेताच्या बांधावर उभा राहा, चहाच्या टपरीवर वाद घाल. तिन्हीसांजेला परत यायचा आणि आधी बाकडा तपासायचा. हलवून बघायचा, कुरकुरला तर खिळा ठोकायचा. मी म्हटलं, "बाकड्यार मी बसतंय, तू नाय. तुका कित्या काळजी?"

"तू बसलंस आणि ता कुरकुरला तर लोक हसतले," तो म्हणायचा. "राजाक हसले तर माका कोण भियातलो?"

मला त्याचाही राग यायचा. माझा मान राखतोय तोही स्वतःच्या सोयीने!

तोंड रंगवताना तो आरशाशी बोलायचा. हळूच विचारायचा, "आज काय व्हया रे तुका?" हे तो राक्षसाला विचारत असे. त्याचं म्हणणं, राक्षसाला काहीतरी हवं असतं. नुसता आरडतो तो राक्षस नव्हे, तो भोंगा. आणि जे हवं ते लहान पाहिजे. एकदा त्याच्या राक्षसाला फक्त झोप हवी होती. राजवाड्यातल्या नौबतीने त्याला झोप येईना, म्हणून त्याने युद्ध पुकारलं. बाकड्यावर आडवा होतोय, पखवाज वाजतोय, हा दचकून उठतोय, पुन्हा आडवा होतोय. लोक पोट धरून हसले. शेवटी माझा बाण लागला आणि तो पडला. मी धनुष्य उंच केलं, आता माझा जयघोष व्हायचा, इतक्यात पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "झोपलो बिचारो एकदाचो!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला वाजवल्या ते मी विचारलं नाही.

वालावलची गोष्ट सांगतो. तिथे खाडीचं पाणी गावाला लागून. बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि पीक जातंच, पुढची वर्षंही जातात. जानू दिवसभर त्या बांधावरून फिरून आला होता. नाटकातला आमचा राक्षस नेहमी त्रैलोक्य जिंकायच्या गोष्टी करायचा. जानू त्या दिवशी बाकड्यावर बसला, मिशीवरून हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "त्रैलोक्य ऱ्हवांदे. वायच लांब आसा. मी काय करतंय, ह्या गावचो बांध फोडतंय. मोठो नाय. माणूस जायत इतकोच. बाकीचा पाणीच करतला."

त्यापूर्वी लोक जत्रेतलं गोड खाजं खात होते, पोरं रडत होती. सगळं थांबलं. बायकांच्या बाजूने एक धिप्पाड बाई पदर खोचून उभी राहिली.

"मेल्या, बांधाक हात लावशीत तर बघ!"

"लावलंय," जानू म्हणाला, आणि बाकड्याखालची माती एका बोटाने उकरली.

एका बोटाने! माझ्याकडे सोनेरी धनुष्य होतं, पाठीला भाता होता, आणि ह्याने एका बोटाने सगळं गाव उठवलं. मी पडद्यातून प्रवेश केला तो ताल धरून, गिरकी घेऊन, माझ्या नेहमीच्या दिमाखात. ती बाई माझ्यावर ओरडली, "आता इलंस? खंय होतंस इतक्या वेळ?"

राजाला कोणी असं बोलतं? पण नाटक झाल्यावर मालक म्हणाले की आबा, आज तुझ्या प्रवेशाला गाव उभं राहिलं. उभं राहिलं ते बांधासाठी. मला कळत नाही असं कोणी समजू नये.

पुढे म्हातारे मालक थकले आणि त्यांच्या मुलाने कारभार घेतला. आम्ही त्याला छोटे मालक म्हणायचो. हुशार माणूस. तो म्हणाला, "आता जमानो बदललो. लोक मोबाइलवर काय काय बघतत. आपण पण तसा करूक व्हया." आणि तो मला नि जानूला कुडाळच्या थेटरात घेऊन गेला. असाच उडणाऱ्या वीराचा सिनेमा, हिंदीत बोलणारा. जानू थंडी वाजते म्हणून मफलर गुंडाळून बसला.

मला तो वीर आवडला. खोटं कशाला सांगू? छाती काय, केस काय, वाऱ्यावर उडणारं ते लाल वस्त्र काय! मी मनातल्या मनात त्या जागी स्वतःला बघत होतो. इतक्यात बाजूने घोरणं ऐकू आलं. पडद्यावर शहरच्या शहर कोसळतंय, कानठळ्या बसतायत, आणि जानू झोपलेला. मध्ये एकदा जागा झाला. त्या वीराची आई त्याला जेवायला वाढते, आणि तो कोण आहे ते तिला सांगू शकत नाही, असं काहीतरी चाललं होतं. जानूने मफलरने डोळे पुसले. मग पुन्हा इमारती पडायला लागल्या आणि हा पुन्हा झोपला.

बाहेर चहा घेताना छोटे मालक चिडले होते. "जानूकाका, झोपाक हाडलंय काय तुका?"

"तेका मरण नाय," जानू म्हणाला. "पन्नास माळ्यांचा घर आंगार पडला, केस सुदीक इस्कटलो नाय. मगे मी जागो ऱ्हवान काय करू? तेचा तो बघून घेयत."

"अरे, पण सगळा जग बुडाक लागलेला!"

"जग बुडाला तर कोणाक काय रे! माझो कुणगो बुडालो तर मी उठान बसतलंय." कुणगा म्हणजे भाताचा तुकडा. जानूचा एकच होता, तोही चिंचोळा.

मी म्हटलं, "आणि राक्षस? तो तर तुझ्यापेक्षा दसपट मोठो होतो."

"मोठो होतो. पण तेका काय व्हया होता ता तेकाच ठावक नाय. आणि शेवटाक काय दाखवल्यान? म्हणे पुढचो भाग येतलो. म्हणजे हेका आज कोण मारूचो नाय, ता आधीच ठरलेला. ह्या असाच करत ऱ्हवले तर लोक एक दिवस उठान जातले बघ."

छोट्या मालकांनी हसण्यावारी नेलं. मला बरं वाटलं. पहिल्यांदा कोणीतरी जानूचं ऐकलं नव्हतं.

मग आमचं ट्रिकसीनचं नाटक उभं राहिलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, तार, माझ्या कमरेला पट्टा, खालून धूर, वरून रंगीत दिवे. मी चक्क उडायचो. बॅनरवर माझा उडतानाचा फोटो, पुरुषभर उंच. जानूचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो बॅनर मी अजून जपून ठेवला आहे. पहिल्या वर्षी देवळांसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. गावोगावची माणसं विचारायला लागली, "उडणारो राजा येतलो मा?" त्या वर्षी मी जेवढा सुखी होतो तेवढा लग्नातही नव्हतो.

दुसऱ्या वर्षी मी उडालो की लोक फोन वर धरायचे. मला वाटलं, कौतुक आहे. त्याच्या पुढच्या वर्षी फोन खालीच राहिले आणि मी वर असताना माणसं चहाला उठायला लागली. खाली उभ्या असलेल्या नटाला हे दिसत नाही. तारेवरून सगळं दिसतं. कुठल्या रांगेत कोण जांभई देतो, कोण चपला शोधतो, सगळं. छोट्या मालकांनी धूर वाढवला. मग फटाके आणले. मग मला दोनदा उडवायला लागले. लोक दोनदा उठायला लागले.

माझं स्पष्ट मत होतं आणि आजही आहे, की दोष जानूचा होता. तो युद्धात लोकांना इतका खेळवायचा की माझं उडणं येईपर्यंत त्यांचे डोळे दमायचे. मी छोट्या मालकांना सांगितलं, "जानून पयल्याच बाणाक पडाचा. राजाचो पराक्रम दिसाक व्हयो." जानू शेजारीच खिळे सरळ करत बसला होता. मला वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "बरा. पडतंय."

नांदगावला पडला. मी तारेवरून बाण सोडला, आणि पहिल्याच बाणाला तो धाडकन पडला. मी खाली उतरलो आणि भाषण सुरू केलं. राजधर्मावर, सत्यावर. आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं भाषण. पण एकही डोळा माझ्याकडे नाही. सगळे त्या पडलेल्या जानूकडे बघतायत. आता उठेल, मग उठेल. मागून कोणीतरी ओरडलं, "ऊठ रे जानू! इतक्यान मरतंस?"

दुसरा म्हणाला, "तेका चाय देवा रे, उठतलो!"

हसण्यात माझा राजधर्म वाहून गेला. जानू मात्र हलला नाही. डोळ्याची पापणी नाही, पोट नाही. त्याने डोळा मिचकावला असता, एक बोट हलवलं असतं, तर मी मालकांना सांगू शकलो असतो की बघा, ह्याने घात केला. पण त्याने शब्द पाळला. इतकं प्रामाणिक मढं मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

इतकी वर्षं रोज पडून पडून जानूचा गुडघा गेला. डॉक्टरांनी पडायचं बंद सांगितलं, आणि न पडणारा राक्षस काय कामाचा? तो घरी बसला. त्याच्या जागी एक तरुण आला, अंगाने भक्कम, ओरडायला जोरदार. आता वाट मोकळी झाली असं मला वाटलं. झालं उलटंच. जानू होता तोवर निदान त्याच्यासाठी लोक बसायचे.

फोंडाघाटच्या बाजारपेठेत आमच्या मंडळाचं दरवर्षीचं नाटक. म्हाताऱ्या मालकांच्या वडिलांपासूनचा मान. हल्ली तिथे संध्याकाळीच करतात, लोकांना जागरण नको असतं. त्या वर्षी तिथल्या मंडळींनी कळवलं होतं की गेल्या खेपेला अर्धी माणसं उठून गेली, ह्यावेळी तसंच झालं तर पुढच्या वर्षी दुसरं मंडळ बोलावू. गाडीतून जाताना छोटे मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "आबानू, आज लोक उठले तर माका पण विचार करूक व्हयो. एक तरुण राजपार्टी बघून ठेवलंय."

म्हणजे मान जायचा तो मंडळाचा, आणि मुकुट जायचा तो माझा.

तोंड रंगवून पडद्याच्या फटीतून पाहिलं तर पहिल्या रांगेत खुर्चीवर जानू! त्याची मुलगी फोंडाघाटलाच दिलेली, तिच्याकडे आला होता. दुखरा पाय स्टुलावर लांब केलेला. येणारी जाणारी माणसं त्याच्याशी बोलत होती. मी म्हटलं, झालं. आज इथेही हाच.

नाटक सुरू झालं. तरुण राक्षस ओरडला. लोक बसून होते, पण सैल. मागच्या बाजूला फोनचे उजेड दिसायला लागले होते. मग धूर सोडला आणि तारेने मला उचललं. मी वर गेलो, आणि वर गेल्यावर नेहमीप्रमाणे खाली बघितलं, कोण उठतंय ते.

जानू उठत होता.

खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून तो अर्धवट उभा राहिला होता. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. आजवर मला त्याने शेकडो वेळा जिंकताना पाहिलेलं. राक्षस मरणार, मी वाचणार, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्याचा चेहरा असा, की जणू पुढच्या घटकेला माझं काहीतरी होणार. त्याच्या बाजूच्या बायका आधी त्याच्याकडे बघायला लागल्या. मग तो बघतोय तिकडे, माझ्याकडे.

"अगो बाय, पडतलो काय तो?"

मागची रांग पुढे वाकली. तिच्या मागचीही. फोनचे उजेड विझले. पखवाजवाल्याला काय कळलं कोण जाणे, त्याने थाप हळू केली. राक्षसाने खालून गदा फिरवली आणि जानू ओरडला, "सांभाळ रे!"

सगळा बाजार श्वास धरून होता. माझ्यासाठी. उतरताना माझा पाय जरा घसरला, आणि एवढ्या माणसांच्या तोंडून एकदम "आं!" निघालं. असा आवाज मी जानूच्या प्रवेशांना पडद्यामागून ऐकला होता. माझ्यासाठी कधी नव्हे. मग मी जो लढलो तो लढलोच. राक्षस पडला तेव्हा टाळ्या थांबेनात. एकही माणूस उठला नव्हता.

पडद्यामागे छोट्या मालकांनी मला मिठी मारली. तिथला मुख्य माणूस आत आला, हात जोडले आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी पण तुमचाच नाटक. आणि राजा हेच व्हये. फक्त एक करा. जानूक पुढे बसाक घेवन येवा."

मी रंग न पुसता तसाच बाहेर गेलो. जावई जानूला रिक्षात बसवत होता. मी गर्दीतून वाट काढली.

"जानू, खरा सांग. सोंग केलंस मा?"

"कसला सोंग?"

"घाबारलंस ता."

तो उलट माझ्यावरच चिडला. "मेल्या, म्हातारो झालंस तू. ह्या वयात तारेर लोंबकळतंस. पट्टो तुटलो तर? माका खराच भय दिसला." मग माझ्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि उतरताना गुडघे वाकव. नायतर माझ्यासारखो घरी बसशीत."

जन्मभर मी जे मागत होतो ते मिळालं, आणि तेही ह्याच्या चेहऱ्यावरून उतरून. माझ्यासाठी घाबरायचं कामसुद्धा त्याने माझ्या बायकोपेक्षा चांगलं केलं. पुढच्या पावसात तो गेला. तेव्हा मी आजारी होतो, जाऊ शकलो नाही, म्हणून माझ्यापुरता तो त्या रिक्षातच आहे.

रिक्षा लवकर सुटेना. माणसं वाकून वाकून त्याच्याशी बोलत होती, एका बाईने त्याच्या मांडीवर केळ्यांचा फणा ठेवला, कोणीतरी त्याचा लांब केलेला पाय अलगद आत घेतला. मग रिक्षा धूर सोडत घाटाच्या बाजूला वळली. लोक रस्त्यातच उभे राहून बघत राहिले. त्यांच्यात मीही उभा होतो, मुकुट घालून, आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.